तुमचे प्रश्न: १५०० रुपयांत हाताला न टोचणारा चाकू

प्रश्न: ताई नमस्कार. मी इंदूरला सुदामानगरात राहते, वय ४६. मुलामुळे गेल्या वर्षापासून मीपण रविवारी त्याच्या भटकंतीच्या ग्रुपबरोबर जाते, इंदूरजवळ कधी चोरल, कधी तिंछा, कधी जानापाव, आणि तिथे बसून लाकूड तासणं, काटक्यांवर चहा करणं, बांबूचे चमचे करणं हे मला इतकं आवडायला लागलंय की आता स्वतःचा चाकू हवाच आहे. ग्रुपमधल्या एकाचा मोठा काळा चाकू वापरून बघितला तर अर्ध्या तासात अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात फोड आला. माझा हात लहान आहे. बजेट १५०० च्या वर नाही. नेटवर बघितलं तर कोणी म्हणतं फुल टँगच घ्या, कोणी म्हणतं कार्बन स्टीलच घ्या, काही कळेना. काय घेऊ? आणि असा चाकू बॅगेत घेऊन जाणं कायद्यात बसतं का?
एक वाचक, इंदूर

उत्तर: फोड नेमका कुठे आला ते लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. बेचक्यातला फोड पात्यामुळे येत नाही, मुठीमुळे येतो. मूठ हाताला जाड झाली की बोटं पूर्ण मिटत नाहीत, मग घट्ट धरायला जास्त जोर लावावा लागतो आणि एवढं करूनही दर वेळी तासताना मूठ हातात किंचित फिरते, आणि फिरली की कातडी घासते. त्यात मुठीच्या कडा कोरदार असतील तर अर्धा तासही लागत नाही.

लोक काय करतात, सगळे पैसे पात्यावर घालतात, स्टीलचं नाव, जाडी, काळं कोटिंग, आणि मूठ जी येईल ती. मी म्हणते तुम्ही उलट करा. १५०० मध्ये भारी स्टील येणार नाही, पण हातात बसणारी मूठ नक्की येते, आणि साध्या स्टीलची धार गेली तर घरी परत लावता येते.

दुकानात जायच्या आधी घरी एक काम करा. स्वयंपाकघरातली वेगवेगळ्या जाडीची दोन-तीन लाटणी आणि एखादा झाऱ्याचा नाहीतर रवीचा दांडा घ्या आणि एकेक मुठीत धरून बघा. बोटांची टोकं अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्याला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतत असतील तर दांडा बारीक, मधे बोटभर जागा राहत असेल तर जाड. जो बरोबर वाटला त्याच्याभोवती सुतळी गुंडाळून गाठ मारून ठेवा, ते तुमच्या मुठीचं माप, आणि ती सुतळी पर्समधे टाकूनच खरेदीला जा. लांबी बघायची तर चारही बोटं बसून वर अर्धं बोट जागा उरली की पुरे. जाडीसाठी लाटणं ठीक, पण मूठ लाटण्यासारखी गोल नको हं, अंड्यासारखी लांबट गोल हवी, कारण गोल मूठ हातात फिरते आणि न बघता धार कुठल्या बाजूला आहे ते बोटांना कळत नाही. मधे किंचित फुगीर आणि करंगळीपाशी थोडी रुंद असली तर ओढून तासताना हात मागे सरकत नाही.

बोटांच्या खाचा केलेली मूठ घेऊ नका, मग ती कितीही सुंदर दिसू दे. लाकूडकामात पकड सारखी बदलते, कधी पुढे ढकलायचं, कधी छातीशी धरून ओढायचं, कधी पात्याजवळ धरून टोकाने कोरायचं, आणि खाचा फक्त एका पकडीत बरोबर बसतात, तेही हात त्या मापाचा असेल तर. तसंच मुठीपुढे दोन्हीकडे शिंगांसारखी आडवी पट्टी असते ती नको, अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून कोरताना तीच आड येते. धारेकडून छोटासा उंचवटा असला तर मात्र चांगलं, ओला हात पात्यावर घसरत नाही.

आता पातं. १० सेंमी म्हणजे ४ इंच लांब, जाडी २.५ ते ३ मिमी, बस. तुम्ही वापरलात तो मोठा काळा चाकू ५ मिमी वगैरे जाडीचा असणार, तसं पातं लाकडात पाचरीसारखं अडकतं, तासत नाही. धार स्कँडी असेल तर शिकणाऱ्याला सगळ्यात सोपं, म्हणजे पात्याच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना एकेकच सपाट रुंद उतार, तो उतार लाकडावर टेकवला की कोन आपोआप धरला जातो.

फुल टँग म्हणजे पात्याचं स्टील मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलेलं. पाठीवर ओंडक्याने ठोकून जाड लाकूड फोडायचं असेल तर त्याचा उपयोग आहे. पण स्वीडनच्या मोरा गावचा कंपॅनियन नावाचा चाकू जगभरात लोक शिकायला वापरतात, त्याचं स्टील मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, तरी वर्षानुवर्षं टिकतो, हलका असतो आणि रबरी मूठ पावसातही सुटत नाही. तिकडे तो स्वस्तातला चाकू, इथे येईपर्यंत महाग होतो आणि बहुतेक वेळा तुमच्या बजेटबाहेर जाईल, पण कोणाकडे असला तर एकदा हातात धरून बघा, साधी मूठ कशी असते ते कळेल. चहापुरत्या काटक्यांना ठोकाठोकी लागत नाही, त्यामुळे फुल टँगसाठी तुम्ही अडून बसू नका. फक्त पोकळ मुठीचा, आत गळ आणि काडेपेटी ठेवायची सोय, टोपणात होकायंत्र, पाठीवर करवतीचे दात, असला सर्व्हायव्हल चाकू घेऊ नका. मूठ पोकळ ठेवायची म्हणजे पातं मुठीत जेमतेम शिरलेलं असतं आणि ते तिथूनच निखळतं.

तुमच्या पैशांत मला दोन रस्ते दिसतात. पहिला, फ्रान्सचा ओपिनेल, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, कधीकधी बजेटच्या आसपास मिळून जातो. लहान हाताला ७ नंबर, पातं ८ सेंमी, त्याहून थोडा मोठा ८ नंबर. मूठ गुळगुळीत, कुठे कोपरा नाही, उघडल्यावर गळ्याशी कडी फिरवली की पातं मिटत नाही. मात्र हा घडीचा चाकू, यावर ठोकायचं नाही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला गाडिया लोहार बसतात, नाहीतर लोहारपट्टीत चौकशी करा, ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून पातं घडवून घ्या. जाड पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचं चित्र कापून न्या, तोंडी सांगून काम बिघडतं, तुम्हाला ४ इंची हवं असतं आणि हातात कोयता येतो. पाटा जुना असतो म्हणून आत कुठे बारीक तडा नाही ना ते बघून तुकडा निवडायला सांगा, आणि धारेला पाणी देताना, म्हणजे लाल तापलेलं पातं बुडवून कडक करताना, ते तेलात बुडवायला सांगा, साध्या पाण्यात हे स्टील तडकू शकतं. तयार झाल्यावर धारेवर कानस फिरवा, घसरली तर पाणी चांगलं बसलंय, खरवडून भुगा निघाला तर पातं मऊ राहिलंय. मूठ सुताराकडून बाभळीची किंवा शिसवीची बसवून घ्या, सुतळीचं माप द्या आणि शेवटचं तासणं समोर बसून करून घ्या.

कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ खाली आपल्या मध्य प्रदेश सरकारची १९७४ ची अधिसूचना आहे, सार्वजनिक ठिकाणी ६ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार बाळगायचं नाही, आणि स्प्रिंगने उघडणारा चाकू तर कुठल्याही मापाचा चालत नाही. तुमचा ४ इंची त्यात येत नाही, ओपिनेलला स्प्रिंग नाही. तरी कमरेला लावून राजवाड्यावरून फिरू नका, म्यानात घालून बॅगेत खाली ठेवा, आणि निवडणूक-सणाच्या दिवसांत प्रशासनाचे वेगळे आदेश असतात तेव्हा घरीच राहू दे. अभयारण्यात तर न्यायचाच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकू स्पष्ट लिहिलाय आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही, म्हणजे रालामंडलला जाताना बॅग आधी तपासा. आणि जंगलातलं हिरवं झाड कापू नका. शिकायला लाकडाच्या टालीवरचा बांबू नाहीतर सोसायटीत छाटलेल्या फांद्या भरपूर मिळतात.

प्रश्न: ताई, मी तुमचा सल्ला यायच्या आधीच चाकू घेऊन बसलोय. ११०० चा, पातं बरं आहे पण मूठ चौकोनी आणि टोचते. विकून टाकू का?
एक वाचक, देवास

उत्तर: विकू नका, मूठ दुरुस्त होते. माझा पहिला चाकू ऑनलाइन घेतलेला, बोटांच्या खाचांचा, आणि त्या खाचा कुणा मोठ्या पंजाच्या माणसाच्या मापाच्या, माझी करंगळी नेमकी उंचवट्यावर यायची. जानापावला मुलांच्या कॅम्पमधे तंबूच्या बारा खुंट्या तासायच्या होत्या, सातव्या खुंटीला फोड फुटला आणि उरलेल्या पाच मुलांनी केल्या. घरी आल्यावर आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडे नेला. त्यांनी रंधा नाही काढला, फुटक्या खिडकीच्या काचेचा तुकडा घेतला, एक बाजू फडक्यात गुंडाळली आणि त्या काचेने मूठ खरवडायला लागले, कागदासारख्या पातळ साली पडत होत्या. दर दोन मिनिटांनी चाकू माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, आता कुठे लागतंय? असं दहा-बारा वेळा झालं. शेवटी खाचा गेल्या आणि तोच चाकू आजही माझ्याकडे आहे.

तुम्ही हेच करा. आधी कळायला हवं कुठे टोचतंय, म्हणून तळहाताला खडू फासा, दहा मिनिटं लाकूड तासा, मुठीवर जिथे खडू जास्त उतरला तिथे दाब जास्त. तिथलं ८० नंबरच्या सँडपेपरने घासा, मग १५०, मग ३२०, आणि मधेमधे हातात धरून बघत राहा कारण काढलेलं लाकूड परत येत नाही. रिव्हेटचं डोकं वर आलं असेल तर तेही बसवून गुळगुळीत करा. शेवटी अळशीचं तेल पातळ लावा, पूर्ण सुकू द्या, असे दोन-तीन हात. एक महत्त्वाचं, त्या तेलाचं फडकं चुरगाळून टोपलीत टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

मूठ प्लास्टिकची असेल तर तीही घासता येते, आणि बारीक वाटत असेल तर वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळा, खर्च फारसा नाही.

प्रश्न: धार लावायचा दगड महाग आहे. दुसरं काही?
एक वाचक, इंदूर

उत्तर: हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा सँडपेपर आणा, ४००, १००० आणि २००० नंबरचा. सपाट फरशीच्या तुकड्यावर किंवा काचेवर पाण्याने चिकटवा, पात्याचा उतार पूर्ण टेकवा आणि धार मागे राहील असं ओढा, पुढे ढकललं तर कागद कापला जातो. एका बाजूला इतकं करा की दुसऱ्या बाजूला अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा फिरवल्यावर बारीक खरखर लागेल, ती उलटलेली कड, मग दुसरी बाजू. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर वीस-पंचवीस वेळा. आणि बाहेर असताना चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत कडा असते ना, तिच्यावर चार हात मारले तरी चहापुरतं काम होतं.

कमानीच्या पाट्याचं किंवा कार्बन स्टीलचं, म्हणजे गंजणारं, पातं असेल तर पावसाळ्यात रोज कोरडं पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. चामड्याच्या म्यानात ओलं पातं एक रात्र राहिलं तरी सकाळी नारिंगी डाग दिसतात.