ड्युटी संपली, आता घरात कुठे बसायचं?

"हे रिटायर झाल्यापासून घरात रोज कटकट आहे, काही उपाय सांगा." हा प्रश्न घेऊन निवृत्त माणूस माझ्याकडे समुपदेशनाला स्वतः क्वचितच येतो. बायको येते, नाहीतर सून. शिक्षक, लाइनमन, ग्रामसेवक, एसटीतले लोक, सगळे एकाच खात्यात तीस-पस्तीस वर्षं काढलेले. गावातला सल्ला ठरलेला असतो: काही छंद लावून घ्या, भजनात बसा. ज्याला उभ्या नोकरीत कसलाच छंद नव्हता, त्याला तो निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी कुठून मिळणार?

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसकडच्या एका खेड्यातली ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काकाजी एसटीत कंडक्टर होते. 34 वर्षं नोकरी, सगळी एकाच डेपोत. 58व्या वर्षी निवृत्त झाले आणि तीन-चार महिन्यांत घरातलं बोलणं बंद पडलं.

काकूंनी बसल्या बसल्या सुरुवात केली. "उठले का डाळीचे डबे उघडून पाह्यतात. भाजीवालीले किती देल्ले, गॅस कवा लावला, सुनेले बी इचारतात. मी बोलली तं म्हणतात, घर माह्या पगारावर चाललं."

काकाजी खिडकीबाहेर बघत होते. "मॅडम, इचारू बी नाई काय? माह्याच घरात मले पाव्हण्यावानी बसवते."

आधी मी आजार आहे का ते पाहिलं. पहाटे साडेतीनला जाग येते म्हणाले. पहिल्या गाडीची सवय होती ती. जेवण ठीक, दारू नाही, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं नाही. हे मी प्रत्येकाला विचारतेच. उदासपणा सलग दोन आठवडे टिकला, झोप-भूक उडाली किंवा मरणाची भाषा आली, तर ते 'रिटायरमेंटमुळे होतं' म्हणून सोडून द्यायचं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही.

मग दोघांना आपापला नोकरीच्या काळातला एक दिवस सांगायला लावला. काकाजींनी मिनिटांसकट सांगितला. दुपारी डेपोतून निघायचं, शेवटची फेरी करून मुक्कामी गाडी गावात लावायची, रात्री तिथेच झोपायचं, पहाटे गाडी परत काढायची. डेपोत आल्यावर पैसे भरायचे. हिशोब रुपयाला रुपया जुळला पाहिजे, कमी आले तर खिशातून. डाळीच्या डब्यामागे काय होतं ते मला तिथे कळलं. चौतीस वर्षं दिवसाचा शेवट हिशोब जुळवून करणाऱ्याला आता जुळवायला घरातलेच डबे उरले होते.

काकूंचा दिवस ऐकताना मात्र काकाजींची मान वर झाली. चार एकर वावर काकूंनीच सांभाळलं. भावकीशी बांधाचा वाद, वेचणीला मजूर बघणं, कापूस जिनिंगला पाठवणं, बचत गट, पोरांची शाळा, सासूचं आजारपण. मुक्कामाहून आलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून पोरांना बाहेर खेळायला पाठवणंही त्यातच. "कपास कोणाच्या गाडीत जाये?" काकाजींनी मधेच विचारलं. त्यांना ते माहीत नव्हतं.

अशा घरांत मला हेच दिसतं. घरी रिकामा वेळ फार आहे ही तक्रार वरवरची असते. घर त्यांच्यावाचून चालायला शिकलेलं असतं, आणि घरात पगार आणून देणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. डेपोत सगळ्यात सिनियर असलेला माणूस घरात मात्र नवा रुजू झालेला असतो. आणि आल्या आल्या, वाटेत गाडी थांबवून करतात तसं, लाइन चेकिंग सुरू करतो.

म्हणून छंदाचं नाव मी काढलं नाही. घरातलं एक काम पूर्ण घ्या, एवढंच म्हटलं. मदत नको, पूर्ण काम. त्यांनी पाणी भरायचं काम घेतलं. उन्हाळ्यात तिकडे नळ दिवसाआड येतो, तोही भल्या पहाटे, आणि हे साडेतीनला जागेच. काकूंनी पाणी दिलं, स्वयंपाकघराचा हिशोब दिला नाही. मला ते रास्त वाटलं. सूनबाईंशी बोलताना 'का' हा शब्द महिनाभर वापरायचा नाही, असंही ठरलं. हा नियम तीन दिवसही टिकला नाही म्हणे, पण 'का' कमी झाला.

काकूंची दुसरी भीती हळूच बाहेर आली. ग्रॅच्युइटी आणि फंडाच्या पैशांवर मुलाची प्लॉटसाठी नजर होती, मेव्हण्याला बोअर मारायची होती. लोकांना वाटतं एसटीवाल्याला सरकारी पेन्शन आहे. ती नसते. 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळते ती पीएफची पेन्शन, आणि तिचा हिशोब 15,000 रुपयांच्या पगारमर्यादेवर होतो. म्हणून इतक्या वर्षांनंतरही ती साधारण साडेसात हजारांच्या आतच राहते. काकाजींच्या मागे काकूंना त्याची निम्मी. हा आकडा काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना तशी साठीनंतरची, पण 55 नंतर निवृत्त झालेल्याला पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत त्यात ठेवता येतात. व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. त्यांची मुदत संपायला थोडेच दिवस होते. प्लॉटचं उत्तर 'नाही' असंच द्यावं लागलं, आणि मुलगा अजून फुगलेला आहे. ते मी सोडवू शकले नाही.

काकाजींना माणसं लागतात, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. आता गावातल्या म्हाताऱ्यांचे निराधारचे, हयातीच्या दाखल्याचे कागद घेऊन ते तहसीलला जातात. कोणता कागद कोणत्या टेबलावर जातो ते त्यांना पाठ आहे, आणि रांगेत वाद घालायलाही आवडतं. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला संध्याकाळी बसतात, पण ते आधीपासूनच.

एवढ्या वर्षांत दोघं कधी हौसेनं बाहेर गेले नव्हते. सणासुदीला तर कंडक्टरला जास्तीच्या गाड्यांवर ड्युटी. दिवाळीनंतर ते बसनं माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाऊन आले. कसं झालं विचारलं तर काकू म्हणाल्या, "जाता-येता पूर्ण टाइम त्या कंडक्टरसंगंच बोलत होते. मी खिडकीपाशी बसली."

"रागावलात?"

"नाई बाप्पा, बरंच झालं. पण आता मले आठ दिवस पोरीकडं नागपूरले जा लागते. एकटीले. ह्यायले सांगा, मांगून येऊ नका म्हणा."

काकाजींनी विचारलं, "आठ दिवस कायले?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना म्हटलं, तिकीट काढा.