ध्येयवाक्य लिहिता येईना, म्हणून लिहिणंच थांबलं

‘ताई, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय ३४. पतसंस्थेत कॅशियर आहे. घरात कोंकणी बोलतो, शाळा मराठीतून झाली आणि लिहिते मराठीत. आठ वर्षांत अकरा कथा-लेख लिहून झाले, त्यातले तीन दिवाळी अंकांत आले. गेल्या मे महिन्यात एका लेखन कार्यशाळेला गेले. तिथे प्रत्येकाला स्वतःचं मिशन स्टेटमेंट लिहायला लावलं आणि उभं राहून वाचायला सांगितलं. मी लिहिलं, “माझ्या लेखणीतून वंचितांच्या वेदनांना वाचा फोडून समाजात सकारात्मक परिवर्तन घडवणे हे माझे ध्येय आहे.” टाळ्या पडल्या, पण वाचताना माझाच आवाज मला खोटा वाटला. तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही. ध्येयच माहीत नसेल तर लिहायचं कशाला? खरं सांगायचं तर आपलं नाव व्हावं असंही मनात येतं आणि त्याची लाज वाटते. ज्यांच्याविषयी लिहायचं ती सगळी माणसं कोंकणी बोलतात, मग मी मराठीत लिहिते हा दिखावा तर नाही? गावात कुणाला स्मरणिकेसाठी लेख हवा असतो, कुणाला मानपत्र. तेही आता नकोसं झालंय. बाबांच्या ट्रकवर एकदा लिहायला घेतलं होतं, पण त्यांना आवडणार नाही म्हणून चार पानांवर ठेवून दिलं. काय करू?’

बाय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा मी ट्रकच्या ओळीशी थांबले. ती तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीस. मी तिच्याकडे येणार आहे, पण आधी त्या वाक्याचं बघू.

तुला तुझा आवाज खोटा वाटला, याचा अर्थ तुझा कान शाबूत आहे. त्या वाक्यात तू कुठेच नाहीस. डिचोली नाही, पतसंस्थेची खिडकी नाही, तुझी माणसंही नाहीत. ‘वंचित’ म्हणजे कोण? त्यातल्या एकाचं तरी नाव त्या वेळी तुझ्या मनात होतं का? नसणार, कारण ते वाक्य तू सभागृहासाठी लिहिलंस. पन्नास माणसांसमोर दहा मिनिटांत कुणालाही असंच वाक्य सुचेल. कार्यशाळा घेणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण हे काम उभं राहून वाचून दाखवण्याचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिशन स्टेटमेंट हा शब्द कंपन्यांच्या कचेऱ्यांतून आपल्याकडे आला, म्हणून त्याचं दडपण येतं. आपल्या घरात याहून जुनी आणि नेमकी गोष्ट आहे. चवथीला गणपती पूजताना भटजी हातात पाणी घ्यायला लावून जो संकल्प सांगतात, तो यंदा नीट ऐक. आधी क्षेत्र येतं, नदीचा तीर येतो. मग शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार. मग पूजेला बसणाऱ्याचं गोत्र आणि नाव. आणि एवढं सगळं झाल्यावर, आज हे एक कर्म मी अमुक कारणासाठी करतो, एवढंच. पुढच्या वर्षी नवं पाणी आणि नवी तिथी.

लेखकाला हेच हवं. कुठे बसून लिहितेस, कुणासाठी, कोणतं एक काम, कधीपर्यंत. तू जे लिहिलंस त्यात जन्मभराचं ओझं होतं आणि आजचं काम काहीच नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी वही उघडल्यावर त्या वाक्याने तुला काही सांगितलं नाही.

संकल्पाचे शब्द कुठून आणायचे? तुझ्याकडे अकरा लेख-कथा आहेत, त्यांतूनच. एका रविवारी त्या सगळ्या काढ आणि पेन्सिल घेऊन वाच. चांगलं-वाईट ठरवायला वाचू नकोस. प्रत्येकीच्या समासात फक्त दोन गोष्टी लिही. यात कोणतं माणूस परत परत येतं? आणि हे वाचून कोण म्हणेल, ‘अगं, हे तर आमच्याच घरातलं’? अकराव्या लेखापर्यंत पोचशील तेव्हा समासात तीन-चारच नावं राहिलेली दिसतील. तू आठ वर्षं त्यांच्यासाठीच लिहीत आली आहेस, तुला सांगायला कुणी भेटलं नाही इतकंच. हेतू आधी ठरवून मग लिहिणारे थोडे असतात. बहुतेकांना तो स्वतःच्या जुन्या पानांत सापडतो.

मला हे उशिरा कळलं. तिशीत असताना एका मासिकाने माझी ‘लेखनामागची भूमिका’ मागितली होती. मी समाज, मूल्यं, स्त्रीमुक्ती असं दोन पानं लिहून दिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी कपाट आवरताना ते कात्रण हाती आलं. माझ्या तोवरच्या सगळ्या कथांत आजीचं घर होतं, विहीर होती, न बोलणाऱ्या बायका होत्या, आणि त्या दोन पानांत त्यांतलं एकही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्या बायकांचा मी साधा उल्लेखही केला नव्हता.

नाव व्हावं असं वाटतं, त्याची लाज वाटते म्हणतेस. ती सोडून दे. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजनं सांगितली. पहिलं यश, दुसरं पैसा. मग व्यवहाराचं ज्ञान, अमंगलाचा नाश, वाचतावाचता मिळणारा आनंद आणि प्रिय व्यक्तीने सांगावा तसा गोड उपदेश. इतक्या मोठ्या शास्त्रकाराने यशाला पहिल्या पाटावर बसवलं, तर तूही त्याला घरात घे. फक्त रोज वहीसमोर तुला कोण आणून बसवतं ते बघत जा. यश कुणाला आठ वर्षं पतसंस्थेच्या कामानंतर रात्री लिहायला बसवत नाही. तुला काहीतरी दुसरं बसवत होतं.

आता भाषा. हा प्रश्न गोव्यात कुणी साधेपणाने विचारू शकत नाही, याचं मला दुःख आहे. १९८७ चा राजभाषा कायदा झाला, कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा राहिली; पण त्याआधीच्या कोंकणी-मराठी वादाने घराघरांत जे ओरखडे उठले ते अजून पुरते बुजलेले नाहीत. म्हणून तुझ्या पिढीलाही मराठीत लिहिताना कुणीतरी जाब विचारेल असं वाटतं. माझ्यापुरतं उत्तर असं की, भाषा तुझ्या संकल्पातून येते.

फादर स्टीफन्सचं बघ. १५७९ साली हा इंग्रज गोव्यात आला. तो खराखुरा मिशनरी होता, धर्म पसरवायला आला होता, आणि ज्या काळात आला तो काळ आपल्या पूर्वजांसाठी कठीण होता, हे विसरून त्याच्याविषयी बोलू नये. पण लेखक म्हणून त्याने काय केलं? नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्या जागी त्यांना ऐकायला काही हवं होतं. त्यांच्या कानाला ओवी सवयीची, म्हणून त्याने ओवीबद्ध मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं; ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. आणि रोजचे धर्माचे धडे शिकवायला प्रश्नोत्तरांचं पुस्तक हवं होतं, तेव्हा त्याने ते कोंकणीत लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापलं गेलं. माणूस तोच. त्याच लोकांशी बोलताना कामाप्रमाणे त्याने भाषा निवडली. आपल्या काळात कवी बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिल्या.

तेव्हा तुझ्या अकरा लेखांतली माणसं वाचायला कोणत्या भाषेत बसतात ते बघ. तुझी आई वर्तमानपत्र कोणत्या भाषेत वाचते? देवळात कीर्तन कोणत्या भाषेत ऐकते? उत्तर मराठी असेल तर तुझी मराठी दिखावा नाही. संवाद मात्र कोंकणीतच कानावर येत असतील तर ते तसेच उतरव, त्यांना पुस्तकी मराठीचे कपडे घालू नकोस. आणि कधी एखादी कथा सबंध कोंकणीत आली तर येऊ दे.

स्मरणिकेचं थोडक्यात सांगते. मानपत्र नाकार, त्यात तुझं काही नाही आणि ते कुणीही लिहू शकतं. पण गावच्या देवळाच्या जत्रेची स्मरणिका टाकून देऊ नकोस. ती जपून ठेवणारे वाचक दिवाळी अंकाला मिळत नाहीत. ‘आमच्या गावची वैभवशाली परंपरा’ लिहायला सांगतील, तेव्हा त्यांना विचार, जत्रेतल्या नाटकात साठ वर्षांपूर्वी स्त्रीपार्ट कोण करायचं ते लिहू का? हो म्हणाले तर लिही.

आता ट्रक.

तू वर्ष लिहिलं नाहीस, पण डिचोलीत अंगणात ट्रक म्हटलं की मला तारखा दिसतात. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मधे पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद पडल्या. खनिज वाहायला कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. त्याआधीची वर्षंही मला आठवतात: रस्त्याकडेच्या पोफळीच्या झावळ्यांवर बसलेली तांबडी धूळ, शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या तोंडावरचे रुमाल, शेतात उतरलेला चिखल. त्याच धुळीवर कुणाचं घर बांधलं गेलं, कुणाची फी भरली गेली. हे दोन्ही एकाच जेवणाच्या पाटावर बसून जगलेलं माणूस ते लिहू शकतं. बाहेरचे आले, त्यांनी एक बाजू लिहिली आणि गेले. तू त्या घरातली आहेस. ‘वंचितांची वेदना’ लिहिताना तू बाबांना झाकून ठेवलंस, म्हणूनच ते वाक्य तुझ्या घशात अडकलं, असं मला वाटतं. तुला ध्येय सापडत नाही असं नाही, बाय. ते चार पानांवर थांबलंय आणि तुला त्याची भीती वाटते.

भीती योग्य आहे. बाप म्हणजे विषय नव्हे. म्हणून लिहिणं आणि छापणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. पूर्ण लिही, कुणाला न दाखवता. मग आईला वाचून दाखव. छापायचं की नाही हे बाबांच्या समोर बसून ठरव, आणि ते नको म्हणाले तर त्यांच्या हयातीत छापू नकोस. काहीजण म्हणतील लेखकाने असं बांधून घेऊ नये. मला ते पटत नाही. पण न छापण्याचं वचन देऊन लिहिलेलं पानसुद्धा तुझा हात मोकळा करील, आणि बापाला विचारायला गेलेली मुलगी रिकाम्या हाताने परत येत नाही.

तुझा संकल्प मी लिहून देणं बरोबर नाही. कसा दिसेल हे कळावं म्हणून एक मांडते, शब्द तू बदल: ‘डिचोलीत, आमच्या घरी, येत्या चवथीपर्यंत, दर रविवारी सकाळी दोन तास मी दारात थांबलेल्या ट्रकची आणि त्या घरातल्या माणसांची गोष्ट लिहीन, आईला वाचून दाखवता येईल अशा मराठीत.’ यात समाज नाही, परिवर्तन नाही. टाळ्या पडणार नाहीत. कागदावर लिहून वहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटव, खाली तारीख घाल. चवथ झाली की काढ आणि नवा लिही.

या रविवारी मात्र लिहू नकोस. बाबांजवळ बस आणि एवढंच विचार की शेवटची खेप कोणत्या खाणीतून भरली होती आणि कोणत्या जेटीवर रिकामी केली. सारमानसला की आणखी कुठे, त्या दिवशी पाऊस होता का, किल्ली घरात आणून कुठे टांगली. ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
ताई