एका दिवशी एकच धागा

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. सोबतचा अभ्यासाच्या तक्त्याचा फोटोही मोठा करून पाहिला. सहा रकाने, पाच दिवस, तीस चौकोन आणि एकही रिकामा नाही. त्यापायी तुझ्या किती रात्री गेल्या असतील याचा अंदाज येतो. आणि पत्राच्या शेवटी ते वाक्य : लेकीने तिसऱ्या दिवशी पुस्तक गादीखाली लपवलं. आता तू विचारतेस की चित्रपुस्तकावरून युनिट स्टडी, म्हणजे एकाच पुस्तकाभोवती सगळे विषय शिकवणं, हा प्रकार तिला मानवतच नाही का, तयार अभ्यासक्रम विकत आणावा का.

आणू नकोस. होमस्कूलिंग, म्हणजे शाळेऐवजी घरीच शिकवणं, का आणि कशासाठी, हे आपल्यात पुन्हा बोलायची गरज नाही. तुझं ते ठरलेलं आहे. मला तुला एवढंच सांगायचंय : पुस्तक रोज अथपासून इतिपर्यंत वाचायचं आणि एका दिवशी एकच धागा ओढायचा. या पत्रात हेच पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

पुस्तक तू छान निवडलंस. एझ्रा जॅक कीट्स यांचं 'द स्नोई डे', 1962 सालचं. पीटर नावाचा मुलगा सकाळी उठतो तर बाहेर बर्फच बर्फ. दिवसभर तो त्यात हिंडतो, घरी येताना एक गोळा खिशात घालून आणतो, आणि झोपायच्या आधी बघतो तर खिशात गोळा नाही. इथे तुझ्या लेकीने विचारलं, "कुणी घेतला?" आणि तू तिला सांगितलंस की ते आपण गुरुवारी बघू, कारण विज्ञानाच्या रकान्यात बर्फाचा चौकोन गुरुवारी होता.

अगं, तिचा गुरुवार सोमवारीच उगवला होता!

तेव्हा उठायचं, फ्रीजमधला बर्फाचा खडा काढायचा, तिच्या फ्रॉकच्या खिशात घालायचा आणि आपल्या कामाला लागायचं. थोड्या वेळाने ती ओला खिसा धरून तुला शोधत येते. 'वितळणं' हा शब्द तिला तेव्हा दे, त्याआधी नको. तिची हौस टिकली तर आणखी दोन खडे घे, एक बशीत उघडा ठेव, दुसरा लोकरीच्या टोपीत गुंडाळ, आणि आधी कुठला संपेल ते तिला सांगू दे. पुष्कळ मुलं टोपीतला म्हणतात, कारण टोपी 'गरम' असते. प्रत्यक्षात टोपीतलाच जास्त वेळ टिकतो, कारण लोकर बाहेरची उष्णता सहज आत जाऊ देत नाही. हे बघून मूल जे तोंड करतं, त्यासाठी मी सगळे रकाने सोडून देईन. झाला सोमवार. जलचक्र नाही, कागदी हिमकण नाहीत, स्पेलिंग नाही. एकच धागा.

मंगळवारी तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून. कंटाळा तुला येईल, तिला नाही. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली तीन वर्षांच्या मुलांबाबत हेच दाखवलं. नवे शब्द सगळ्या मुलांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. पण ज्यांनी ते त्याच त्या गोष्टीतून ऐकले त्यांच्या लक्षात ते जास्त राहिले, वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकणाऱ्यांच्या कमी. शिवाय आपण वाचत असतो तेव्हा वाचता न येणाऱ्या मुलाची नजर अक्षरांवर जवळपास नसतेच, ती चित्रावर फिरत असते. म्हणून दुसऱ्या वाचनात तिला पहिल्यापेक्षा वेगळं काही दिसतं. पीटर आधी पावलं बाहेरच्या बाजूला वळवून चालतो, मग आत वळवून, मग पाय ओढत, आणि पुढे एक काठी सापडल्यावर बर्फात तिसरी रेघ उमटते. हे तिचं तिला दिसलं तर तिचे पाय ओले कर आणि फरशीवर चालू दे. पुढे कधी चित्राच्या कागदावर बोट ठेवून "हे चिकटवलंय का?" म्हणाली, तर तो दिवस कात्री आणि डिंकाचा. ही चित्रं कागद कापून, चिकटवून केलेली आहेत. एका पानामागची पार्श्वभूमी तर टूथब्रशने शाई उडवून साधलेली आहे. तिने विचारलंच नाही तर हे सगळं तुझ्यापाशी ठेव. माहिती वाया जाईल या भीतीने ती मुलाच्या अंगावर ओतायची नसते.

तुझा तक्ता नवीन नाही, हेही सांगून टाकते. इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (1842–1923) यांनी त्यांच्या काळी अशाच एका योजनेवर कडक टीका केली होती. शाळेतल्या लहान मुलांसाठी रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीला भाषा, चित्रकला, हस्तकला, भूगोल, गणित, गाणी असं सगळं जोडलं होतं. गोष्ट मुलांना आवडणारीच, पण दिवसेंदिवस तिच्याभोवतीच फिरत ठेवल्यावर ती नकोशी होणार, हे त्यांना कळत होतं. मेसनबाई स्वतः एकदाच वाचा म्हणणाऱ्या, आणि तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही. पण गोष्टीला विषय टांगायचे नाहीत, हे त्यांचं म्हणणं मी पूर्णपणे मानते. लेकीने पुस्तक लपवलं ते म्हणूनच. तिला पीटर नकोसा झालेला नाही. तिने पीटरला तुझ्यापासून वाचवलंय.

आणि वाचताना मध्ये थांबू नकोस. चित्रपुस्तक बहुतेक वेळा बत्तीस पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद दुमडला की पानं सोळाच्या, बत्तिसाच्या हिशेबात पडतात. तेवढ्याच जागेत गोष्ट बसवायची म्हणून चित्रकार आणि लेखक पान कुठे उलटायचं याचाही विचार करतात. तू नेमकं तिथेच "किती पावलं दिसतात गं?" असं विचारलंस की ते पान फुकट गेलं. प्रश्न तिला पडू दे. पडला की पुस्तक पूर्ण होईपर्यंत थांब, मग तो घेऊन ऊठ. पडला नाही तर त्या दिवशी नुसतं वाचन. नुसतं वाचन म्हणजे काहीच केलं नाही, असं तुला वाटतं ना? हे डोक्यातून काढ. मला याचा खरंच राग येतो.

आमच्याकडे एक नातेवाईक यायचे आणि माझ्या मुलाला देशांच्या राजधान्या विचारायचे. तो गप्प उभा राहायचा आणि ते माझ्याकडे बघायचे. मी हसून विषय बदलायची, त्याची खंत अजून आहे. त्यांना सांगायला हवं होतं की हा मुलगा एका होडीच्या गोष्टीमागे महिनाभर बादलीशी बसलाय. प्लॅस्टिसिनचा, म्हणजे खेळायच्या मऊ मातीचा, गोळा बुडतो आणि त्याच गोळ्याची पातळ वाटी केली की ती तरंगते, हे त्याने कुणी न सांगता शोधलंय. का तरंगते ते त्याला सांगता येत नव्हतं. वाटीची कड वर ओढून किती मणी पेलतात ते मात्र तो दाखवायचा, आणि एक मणी जास्त झाला की ती कुठून कलंडते तेही. एका पुस्तकावर महिना घालवला म्हणून मला पुष्कळांनी ऐकवलं. घालवला. पुन्हा वेळ आली तर दोन घालवीन.

आता जिथे पुस्तकावर भार टाकायचाच नाही ते बघ. अक्षरओळख आणि अंकगणित यांना स्वतःचा क्रम असतो. आधी काय, नंतर काय हे ठरलेलं असतं, आणि तो क्रम चित्रपुस्तकाच्या मर्जीने चालत नाही. त्यासाठी रोज पंधरा-वीस मिनिटं वेगळी काढ, साध्या वहीवर किंवा मण्यांवर, पुस्तकापासून लांब. हे तू केलं नाहीस म्हणून पीटरची पावलं मोजायची वेळ तुझ्यावर आली. गणिताची काळजी तिथे मिटली की गोष्टीतून गणित उकरून काढावं लागत नाही.

तक्ता फाडू नकोस, उलटा वापर. रकाने तेच ठेव, चौकोन रिकामे ठेव आणि रात्री भर. आज खिसा, बर्फ, लोकर : विज्ञानाच्या रकान्यात एक ओळ. तिने गोष्ट बाहुलीला सांगितली : भाषेच्या रकान्यात एक ओळ, शक्य तर तिच्याच शब्दांत. तीनचार आठवड्यांनी एखादा रकाना ओस दिसला तर पुढचं पुस्तक निवडताना तेवढं लक्षात घे. कुणी हिशेब मागितला तर हाच कागद पुढे कर. जे घडलं तेच त्यात असेल.

सध्या आठवडाभर काही नको. रात्री झोपताना वाचायचं, तेही ती म्हणेल ते. मग तीन पुस्तकं तिच्यासमोर मांड आणि एक तिला उचलू दे. कुठलं उचललं ते मला कळव. पण त्याआधी रकाने भरायला बसलीस तर मला पत्र लिहू नकोस, सरळ फोन कर. मी रागावीन आणि मग आपण नीट बोलू.

तुझी,
मावशी