दाजीपूरच्या रानात तासभर शुकशुकाट, मग एकाच झाडावर इतके पक्षी कसे?

डिसेंबरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या अभयारण्यात तासभर चालून काही दिसलं नाही, मग एका जांभळीवर पाच-सहा जातींचे पक्षी एकदम आले आणि बघता बघता गेले, हे कसं काय, असं तुम्ही विचारलंय. तुम्हाला मिश्र थवा भेटला. हिवाळ्यात सह्याद्रीच्या रानात याहून बघण्यासारखं मला तरी दुसरं काही वाटत नाही.

या दिवसांत बहुतेक किडेखाऊ पक्ष्यांची वीण नसते. घरटं नाही, पिल्लं नाहीत, मग वेगवेगळ्या जाती मिळून चरत फिरतात. डोळे जास्त असले की शिक्र्यासारखा शिकारी पक्षी लवकर दिसतो, शेजाऱ्यानं उठवलेला किडाही तोंडी लागतो. सगळे एका थव्यात गेले की बाकीचं रान ओस वाटतं.

पुढच्या वेळी नावांची यादी बाजूला ठेवा आणि एकाच पक्ष्यावर नजर ठेवा. शिलींध्री खोडावरून डोकं खाली करून उतरते, सुतार पक्षी शेपटीचा टेकू घेऊन वर चढतो. साल तीच, पण एकाच्या नजरेतून सुटलेला किडा दुसऱ्याला सापडतो. खाली नाचण शेपटीचा पंखा उघडून किडे उठवते, शेंड्याला निखार पक्षी चरतात. आणि भृंगराज, कोतवालाच्या जातीचा काळा पक्षी! तो मधल्या फांदीवर बसून इतरांनी उठवलेले किडे हवेतच टिपतो. आयतं खातो खरा, पण शिकारी पक्षी दिसला की ओरडतोही, त्यामुळे बाकीच्यांना तो चालतो. इतर पक्ष्यांच्या, अगदी शिक्र्याच्याही आवाजाची नक्कल करतो, म्हणून दाजीपुरात नुसत्या आवाजावर नोंद करू नका.

थवा पुढे सरकला तर मागे पळू नका. दिशा बघा, वाटेनं थोडं पुढे जाऊन थांबा. ऊन शेंड्यांवर आल्यावर हालचाल वाढते. मोबाईलवर आवाज लावून बोलावणं मात्र कृपा करून नको, चरणं सोडून पक्षी त्या खोट्या आवाजामागे लागतो. आणि रानात गवे आहेत, अस्वलं आहेत. स्थानिक गाईड बरोबर घ्याच.

त्याआधी सराव हवा असेल तर पन्हाळ्याच्या झाडीत सकाळी जा. तिथे चष्मेवाला या छोट्या पक्ष्याच्या टोळीपासून सुरुवात करा.