फ्रीझर हप्त्यांवर घ्यावा का?

एका वाचक भगिनींनी विचारले आहे: "घरात आम्ही चौघे आहोत आणि उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग खाण्यावर जातो. शिल्लक दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. तिच्यातून सहा महिन्यांचे धान्य आणि कडधान्य दहा टक्के सवलतीत एकदम भरावे आणि १२ व्याजमुक्त हप्त्यांवर मोठा फ्रीझर घ्यावा, असा विचार आहे. एकदाच भरपूर रांधून ठेवले, तर खाण्याचा खर्च १५ टक्क्यांनी उतरेल असे वाटते. तीन महिन्यांच्या नोंदी सोबत पाठवत आहे."

आपण नोंदी पाठवल्या हे फार बरे केलेत, कारण या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. महिन्याचा खाण्याचा खर्च १०० धरला, तर त्यातले २२ बाहेरून आणलेल्या तयार पदार्थांवर जातात आणि सुमारे ९ टाकून दिलेल्या अन्नावर. फ्रीझरची किंमत त्याच मापाने २५० आहे, म्हणजे हप्ता दरमहा २१ च्या आसपास येतो. आपली अपेक्षित बचत पुरेपूर झाली तरी ती १५ भरेल, तेव्हा पहिले वर्षभर दरमहा ६ ची तूट सोसावी लागेल, आणि विजेचे बिल यात धरलेलेच नाही. "व्याजमुक्त" या शब्दावरही विसंबू नये. प्रक्रिया शुल्क आणि रोखीने घेतल्यास मिळाली असती ती सवलत मिळून किमतीच्या ८ टक्के होत असतील, तर १२ हप्त्यांच्या हिशेबाने तो साधारण १५ टक्के वार्षिक व्याजदर पडतो.

धान्याचा बेत मात्र मी सहजासहजी मोडीत काढणार नाही. सहा महिन्यांचा साठा सरासरी तीन महिने घरात राहतो, आणि तेवढ्या काळासाठी दहा टक्के सवलत हा परतावा कोणत्याही सुरक्षित ठेवीपेक्षा कितीतरी सरस आहे. अडचण आहे ती पैसा कुठून काढायचा याची. आपली शिल्लक मुळात तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी असायला हवी. ती दोन महिन्यांचीच असताना डब्यांत भरून ठेवली, तर आजारपणात किंवा नोकरी सुटल्यावर तांदूळ देऊन घरभाडे भागत नाही. शिवाय कीड आणि ओल यांचा धोका असतो, आणि जुनी झालेली कडधान्ये शिजायला वेळ घेतात, म्हणजे इंधनही जास्त जाते. म्हणून जे घरात हमखास संपते तेवढेच, दोन महिन्यांपुरते आणि चालू खर्चातून भरावे.

आता मूळ गळतीकडे वळू. तयार पदार्थांच्या बहुतेक नोंदी गुरुवारच्या आणि शुक्रवारच्या आहेत, आणि आपणच लिहिता की रविवारी एक मोठे पातेले शिजवले जाते. चौथ्या दिवशी तीच चव कोणालाच नको असते; पातेल्यातले उरलेले टाकले जाते आणि बाहेरून मागवले जाते, म्हणजे एकाच जेवणाचे पैसे दोनदा मोजले जातात. तेव्हा वैविध्य ही चैन समजू नये, आपल्या घरात तरी ते नसल्यानेच खर्च वाढतो. मोठ्या फ्रीझरने हा कंटाळा जाणार नाही, उलट त्याचा साठा होईल.

उपाय असा की रविवारी पूर्ण पदार्थ न रांधता केवळ पाया शिजवावा. कडधान्य मसाल्याशिवाय शिजवून ठेवले, तर एक दिवस त्याचे सूप होते, दुसऱ्या दिवशी ते घोटून दाट करता येते, तिसऱ्या दिवशी भाताबरोबर परतता येते आणि चौथ्या दिवशी कांदा व लिंबू घालून गारच खाता येते. फोडणी त्या त्या दिवशी द्यावी. १०० ग्रॅम कोरड्या कडधान्याचे शिजल्यावर साधारण २५० ग्रॅम होतात, त्यामुळे डबाबंद मालाशी तुलना करताना शिजलेले वजन धरावे. राजमा असल्यास भिजवलेले पाणी टाकून तो निदान दहा मिनिटे खळखळून उकळावा, कारण अर्धाकच्चा राजमा बाधतो. शिजलेले अन्न, विशेषतः भात, दोन तासांच्या आत थंड करून ५ अंशांखाली ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.

पोट भरण्याबाबत महाग ते चांगले असा नियम नाही. सिडनीच्या संशोधकांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ सारख्याच उष्मांकांच्या प्रमाणात खायला देऊन तृप्ती मोजली, तेव्हा पांढऱ्या पावाला १०० धरता उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ल्याने एकातील प्रथिनांची उणीव दुसऱ्याने भरून निघते, हेही स्वस्तातले मोठे साधन आहे.

या पद्धतीने तयार पदार्थांवरचे २२ जर १२ वर आले, त्या जेवणांसाठी घरी ३ खर्च झाले आणि नासाडी ९ वरून ४ वर उतरली, तर दरमहा १२ वाचतात. फ्रीझरकडून आपण १५ ची आशा धरली होती. त्यातला बराचसा भाग काहीही विकत न घेता हाती येतो. पहिले तीन महिने ही रक्कम शिलकीत घालावी. त्यानंतर ती वेगळी साठवली, तर पावणेदोन वर्षांत फ्रीझर रोखीने घेता येईल. तेव्हा सध्याच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा दर आठवड्याला खरोखर भरतो का, हे आधी पाहावे. तो निम्मा रिकामा राहत असेल, तर मोठा फ्रीझर घेऊच नये.