प्रीअँप जोडताना घाई करू नकोस

नवा प्रीअँप (कुठल्या यंत्राचा आवाज घ्यायचा आणि किती मोठा, हे ठरवून तो पॉवर अँपकडे पाठवणारा डबा) घेतलास, फार बरं वाटलं. आता आधी सगळ्या यंत्रांचे प्लग काढ, मगच मागच्या वायरींना हात लाव.

सीडी प्लेअर, टीव्ही वगैरे कुठल्याही लाइन इनपुटला चालतात, वर 'सीडी' लिहिलेलं असो की 'ऑक्स'. रेकॉर्ड प्लेअरचं मात्र तसं नाही. साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट येतात, आणि तबकडी कापतानाच खर्ज दाबून वरचे स्वर उचललेले असतात. ते पूर्ववत करणारं सर्किट 'फोनो' इनपुटमागे असतं. लाइनला लावलंस तर तबल्याचा डग्गा गायब आणि आवाज किरटा, अगदी बारीक. टर्नटेबलमध्येच, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरमध्येच, हे सर्किट (फोनो स्टेज) असेल तर मात्र लाइनच वापर.

टर्नटेबलची बारीक अर्थची वायर 'जीएनडी'च्या स्क्रूखाली घट्ट आवळ. माझ्याकडे दोन महिने घूं घूं येत होतं. पुण्याच्या तापकीर गल्लीतून दोनदा नव्या केबल आणल्या, आणि शेवटी पाहतो तर हीच वायर स्क्रूखालून निसटून लोंबत होती.

पॉवर अँपला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अँपला, 'प्री आउट'च जोड. 'टेप आउट'वर, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीच्या आउटपुटवर, व्हॉल्यूमचा ताबा नसतो, सगळा आवाज एकदम स्पीकरवर आदळेल. लाल प्लग उजवा. पॉवर अँप सगळ्यात शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद, नाहीतर तो धप्पकन येणारा आवाज स्पीकरला सोसावा लागतो.