टीसीएलचं पाणी आणि ऑस्करच्या डोक्यावरचे खड्डे

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्याकडे नऊ इंचांचा ऑस्कर मासा आहे. टाकी तीन फुटी, शंभरेक लिटरची. दर रविवारी सगळं पाणी काढतो, काचा पुसतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून धुतो आणि नळाचंच नवीन पाणी भरतो. उन्हाळाभर मासा ठणठणीत होता. पावसाळा लागल्यापासून रविवारी संध्याकाळी वर येऊन तोंड उघडझाप करतो. सोमवारी बरा वाटतो, मंगळवार-बुधवारी पुन्हा तसंच. डोक्यावर बारीक खड्डे पडलेत, विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी येते. रोजची कलेजीही थुंकून टाकतो. दुकानदाराने बुरशी सांगून निळं औषध दिलं, फरक नाही. वाचेल का?
— एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : भाऊ, वाचेल असं मला वाटतं, कारण तुम्ही वार लिहून पाठवलेत. रोगाने धाप लागली असती तर ती वार पाहून आली नसती. तुमच्या टाकीत एकामागून एक दोन त्रास होताहेत.

रविवारचा त्रास क्लोरीनचा. पावसाळ्यात ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, वाढवते आणि माणसांसाठी ते योग्यच आहे. पण नळाला जे ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन यायला हवं, तेवढंही माशाचे कल्ले भाजायला पुरतं. गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून क्लोरीन पाहायची चाचणी, करून घ्या. पाणी पिवळं झालं की समजा क्लोरीन आहे.

मंगळवारचा त्रास अमोनियाचा. माशाच्या घाणीतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात आणि नळाखाली धुताना क्लोरीनने तेच मरतात. उरलेसुरले निळ्या औषधाने गेले असतील. त्यात आपल्याकडचं पाणी बहुधा अल्कधर्मी. पाणी ३० अंशांवर आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच सात टक्क्यांच्या वर जातो. म्हणून पाणी तपासायच्या किटवर अमोनियाचा आकडा लहान दिसला तरी सोबत पीएच पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. थेंबांचं किट घ्या, औषधाआधी तो खर्च करा.

निळं औषध आजच थांबवा. आठवडाभर रोज फक्त पाव टाकी पाणी बदला. ते आदल्या दिवशी उघड्या ड्रममध्ये भरून, हवेचा पंप लावून चोवीस तास ठेवलेलं असावं. ओटी टेस्टला रंग आला नाही तरच टाकीत घाला. ड्रम-बादली फवारणीला कधीही वापरलेली नको, हे मी हात जोडून सांगते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. घरी खारं बोअर असेल तर ते पाणी यात मिसळू नका. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

आता खड्डे. बुरशी कापसासारखी वर उगवते, ती खड्डे पाडत नाही. असे खड्डे आणि पांढरी विष्ठा सोबत दिसली की आतड्यातल्या हेक्झामिटासारख्या परजीवींचा संशय घ्यावा. खराब पाणी आणि निकस आहार त्यांना बळ देतात. कलेजी पूर्ण बंद करा. ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, कीटक-झिंगे खाणारा मासा आहे. बकऱ्याची चरबी त्याला पचत नाही. दोन दिवस उपाशी ठेवा, मग सिक्लिडचे (ऑस्करच्या कुळातल्या माशांचे) दाणे आणि सोललेले झिंगे थोडे थोडे द्या. शेतातले नाकतोडे या दिवसांत नकोत, कपाशी-सोयाबीनवर फवारणी चालू असते.

आठवड्यानंतर अमोनिया शून्य असूनही विष्ठा पांढरीच राहिली, तर मेट्रोनिडाझोल हे परजीवींवरचं औषध लागेल. पशुवैद्यकाला दाखवून, साधारण ४० लिटरला २५० मिलिग्रॅम, दिवसाआड तीनदा. ते आधी नको. विषारी पाण्यात बसलेल्या माशावर आणखी एका औषधाचा भार कशाला?

खड्डे भरायला महिने लागतात, व्रण राहूही शकतात. आणि टाकीबद्दल मन घट्ट करून सांगते : हा मासा फूटभर वाढतो, त्याला अडीचशे-तीनशे लिटर पाणी लागतं. दिवाळीपर्यंत मोठ्या टाकीची सोय पाहा. नव्या टाकीत जुना स्पंज न धुता तसाच लावा.